घरातल्या पुस्तकांची ऑनलाइन नोंद : कृती, आवृत्ती आणि आपली प्रत

पुस्तक प्रदर्शनातून हौसेने आणलेले पुस्तक कपाटात लावायला जावे आणि तेच पुस्तक मागच्या रांगेत आधीपासून उभे असल्याचे दिसावे, हा अनुभव घरात चार-पाचशे पुस्तके असलेल्या बहुतेक वाचकांनी घेतलेला असतो. वाचायला दिलेले पुस्तक नेमके कोणाकडे आहे ते न आठवणे, एखाद्या चरित्राचा पहिला आणि तिसरा खंड सापडणे पण दुसरा आपण कधी घेतला होता की नाही याचीच खात्री नसणे, ही त्याच अडचणीची आणखी रूपे आहेत. पूर्वी यावर उपाय म्हणजे लांबट वही होती. वहीचा दोष एवढाच, की ज्या क्रमाने पुस्तके आली त्याच क्रमाने ती लिहिली जातात, आणि लेखकाच्या नावाने शोधायचे झाले तर पहिल्या पानापासून बोट फिरवावे लागते.

ही वही संगणकावर, आणि पुढे फोनवर आणणाऱ्या सेवा आता वीस वर्षे जुन्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरातून टिम स्पॉल्डिंग यांनी २९ ऑगस्ट २००५ रोजी 'लायब्ररीथिंग' सुरू केले. तेथे पहिली २०० पुस्तके विनाशुल्क नोंदवता येत आणि त्यापुढे वर्गणी भरावी लागे. २०२० पासून ती मर्यादाही उरली नाही. 'गुडरीड्स' २००७ साली आले आणि २०१३ मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतले. नादिया ओदुनायो यांनी उभे केलेले 'स्टोरीग्राफ' आणि इंटरनेट अर्काइव्हची 'ओपन लायब्ररी' ही त्यानंतर वारंवार ऐकू येणारी नावे. या सर्व ठिकाणी सतत नव्या सोयी येत असतात : फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचणे, मालिकेतील पुस्तकांची आपोआप साखळी लागणे, अर्धा किंवा पाव तारा देता येणे, वाचनाच्या तारखा, उसनवारीची नोंद, आलेख. नवा वाचक या गर्दीत गोंधळतो, कारण काही सोयी पुस्तकाविषयी असतात, काही छपाईविषयी, आणि काही त्याच्या कपाटातल्या एका विशिष्ट प्रतीविषयी असतात. आणि हा भेद कुठेच समजावून सांगितलेला नसतो. तो एकदा लक्षात आला, की कोणतीही नवी सोय आली तरी ती कोणत्या कप्प्यातली हे ओळखता येते आणि तिचा उपयोग किती, हेही ठरवता येते.

एक परिचित उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येऊ लागले आणि बाजारात त्याची वेगवेगळ्या प्रकाशकांची, वेगवेगळ्या आकारांची आणि मुखपृष्ठांची रूपे दिसू लागली. आता 'मी श्यामची आई वाचले आहे' असे म्हणणारा माणूस यांपैकी कोणत्याही छापील रूपाविषयी बोलत नसतो. तो त्या कथनाविषयी बोलत असतो. ग्रंथालयशास्त्रात याला कृती म्हणतात. अमुक प्रकाशकाने अमुक साली इतक्या पानांत छापलेले जे रूप, ती आवृत्ती. आणि माझ्या कपाटात असलेले, शाळेच्या बक्षीस समारंभात मिळालेले, पहिल्या कोऱ्या पानावर मुख्याध्यापकांची निळ्या शाईतली सही असलेले आणि एका पावसाळ्यात कडेला पाणी लागून पाने किंचित फुगलेले जे पुस्तक, ती प्रत. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात कृती आणि आवृत्ती यांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, ती भाषांतर, संक्षेप अशा रूपांची. परंतु घरातल्या संग्रहासाठी तीन पायऱ्या पुरेशा आहेत.

तारे, परीक्षण, मालिका, 'हे आवडले तर तेही वाचा' या प्रकारच्या शिफारशी, हे सर्व कृतीच्या पायरीवर घडते. म्हणून आपण एका प्रकाशकाच्या प्रतीवर लिहिलेले परीक्षण दुसऱ्या प्रकाशकाची प्रत असलेल्या वाचकालाही दिसते, आणि ते योग्यच आहे. मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, हे आवृत्तीचे असते. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कोणाला दिले आहे, कोठून आणि केव्हा घेतले, त्यावर कोणाची सही आहे, हे प्रतीचे. लायब्ररीथिंगवर वेगवेगळ्या आवृत्त्या एका कृतीखाली आणण्याचे काम सभासद स्वतः करतात, आणि चुकून एकत्र झालेल्या नोंदी सोडवूही शकतात. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे काम फार मागे आहे. एकच पुस्तक देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोनदा आणि चुकीच्या स्पेलिंगने आणखी एकदा अशा चार वेगळ्या कृती म्हणून बसलेले असते, आणि मग त्या प्रत्येकीला दोन-तीनच वाचक आहेत असे दिसते. ज्याच्याजवळ रविवारची एक दुपार आहे, त्याने अशा पाच पुस्तकांच्या नोंदी जोडल्या तरी तो पुढच्या प्रत्येक मराठी वाचकाचे काम हलके करतो.

आता बारकोडच्या सोयीकडे पाहू, कारण बहुतेक लोक सुरुवात तेथूनच करतात. कॅमेरा पुस्तकाच्या पाठीवरच्या उभ्या रेघा वाचतो आणि त्यातून १३ अंकी आयएसबीएन मिळवतो. पुस्तकाविषयी दुसरे काहीही त्या रेघांत नसते. आयएसबीएन १९७० पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आधी तो १० अंकी होता आणि १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला. भारतासाठी ८१ आणि ९३ हे गटक्रमांक आहेत, म्हणून आपल्याकडची पुस्तके ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. नव्वदच्या दशकातल्या मराठी पुस्तकावर नुसता ८१ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो अपुरा नाही, तो जुन्या पद्धतीचा आहे. त्याच्यापुढे ९७८ लावून आणि शेवटचा अंक नव्याने काढून तो १३ अंकी करता येतो, आणि बहुतेक सेवा हे काम मनातल्या मनात करून टाकतात.

शेवटचा अंक नव्याने का काढावा लागतो? तो तपासणीचा अंक असतो म्हणून. पद्धत चौथीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीला नेण्यासाठी जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. केवळ समजण्यासाठी ९७८-८१-००००००-१ ही रांग घेतली, तर ९, २१, ८, २४, १, मग सहा वेळा शून्य आणि शेवटी ३ अशी बेरीज ६६ होते. ७० ला चार कमी, म्हणून तपासणीचा अंक ४. क्रमांक हाताने टाइप करताना एक अंक चुकला तर ही बेरीज जुळत नाही आणि 'क्रमांक अवैध' असा संदेश येतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा चूक पकडली जाते; केवळ ज्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, जसे १ आणि ६, त्यांची अदलाबदल निसटते. १० अंकी पद्धतीत हिशोब अकराच्या पटीत होता, त्यामुळे कधी कधी तपासणीचा अंक दहा येई आणि त्याच्या जागी एक्स हे रोमन अक्षर छापले जाई. ते अक्षर छपाईची चूक समजून गाळू नये.

कॅमेऱ्याने क्रमांक दिला, की सेवा तो क्रमांक एखाद्या स्रोताकडे पाठवते : दुकानाच्या सूचीकडे किंवा ग्रंथालयाच्या सूचीकडे. येथे मराठी वाचकाने एक गोष्ट माहीत करून घ्यावी. दुकानाची नोंद मुखपृष्ठासकट चटकन येते, पण तिच्यात अनुवादकाचे नाव लेखकाच्या जागी असणे, नावापुढे 'मराठी' किंवा 'पेपरबॅक' जोडलेले असणे, असे दोष पुष्कळ असतात. ग्रंथालयाची नोंद नेमकी असते, परंतु ती पुष्कळदा रोमन लिपीत मिळते. याला इतिहास आहे. अमेरिकेने भारताला विकलेल्या धान्याचे पैसे रुपयांत साठले होते. पीएल-४८० या नावाने आपल्या आधीच्या पिढीला ठाऊक असलेल्या त्या कायद्याखाली, १९६२ पासून, त्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी करून अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाच्या, दिल्ली कार्यालयाने हे काम केले. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक मराठी पुस्तकांची उत्तम नोंद आजही तिकडच्या सूचीत सापडते, पण शीर्षक मात्र अक्षरांवर आडव्या रेघा आणि अक्षरांखाली ठिपके असलेल्या रोमन लिपीत असते. माझा सल्ला असा, की नोंद ग्रंथालयाकडून घ्यावी आणि शीर्षक व लेखक लगेच देवनागरीत बदलावे. आपल्या यादीतला हा बदल केवळ आपल्या नोंदीपुरता राहतो. त्याने मूळ सूची बिघडत नाही.

देवनागरीत लिहायचे ठरवले, की शोधाचा एक बारीक प्रश्न उभा राहतो, आणि तो कोणत्याही मदतपानावर सापडत नाही म्हणून येथे जरा सविस्तर सांगतो. 'वाऱ्यावर' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसत असला तरी तो दोन प्रकारे टाइप झालेला असू शकतो : एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे. माझ्या यादीत 'ऱ्य' असलेले एक पुस्तक मला वर्षभर शोधून सापडत नव्हते. नोंद केली होती संगणकावर आणि शोध घेत होतो फोनवर, आणि दोन्ही कळफलक हे अक्षर निराळ्या पद्धतीने उमटवत होते. उपाय सोपा आहे. अशा शब्दांवर अवलंबून न राहता शीर्षकातला दुसरा शब्द किंवा लेखकाचे आडनाव शोधावे, आणि शक्य असेल तर सर्व नोंदी एकाच कळफलकावरून कराव्यात.

अनुक्रमाचेही असेच. आपल्या बाराखडीत 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात. संगणक मात्र 'क्ष' ला क आणि ष यांचे जोडाक्षर मानतो, म्हणून साध्या क्रमवारीत ते पुस्तक 'क' च्या पुस्तकांमध्ये जाऊन बसते. जुन्या पुस्तकांत आणखी एक भर पडते ती अनुच्चारित अनुस्वारांची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या शीर्षकपृष्ठांवर 'नाहीं', 'कांहीं' असेच छापलेले आहे. शीर्षक छापले आहे तसेच लिहावे, आणि आजचे लेखन टिपणाच्या रकान्यात घालावे. म्हणजे पुस्तकाशी प्रामाणिक राहता येते आणि शोधही लागतो.

लेखकांच्या नावांचा गुंता मराठीत विशेष आहे, कारण आपल्याकडे आद्याक्षरांची आणि टोपणनावांची मोठी परंपरा आहे. कविता कुसुमाग्रजांच्या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांच्या नावाने. माणूस एक, नावे दोन, आणि रोमन लिपीत त्या प्रत्येक नावाची पुन्हा तीन-चार स्पेलिंगे. लायब्ररीथिंगसारख्या ठिकाणी ही नावे एका लेखकपानाखाली जोडता येतात. उलट एकाच नावाचे दोन लेखक असतील तर त्यांचे पान विभागताही येते. लेखकाखेरीज संपादक, अनुवादक, चित्रकार यांची भूमिका वेगळी लिहिण्याची सोय मला या सर्व सोयींत फार मोलाची वाटते. मराठीत अनुवादाचे एवढे मोठे आणि कसोशीने केलेले काम असताना घरच्या यादीत अनुवादकाचे नाव नसणे हे मनाला टोचते, आणि ते लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

प्रकाशनवर्षाच्या रकान्यात अडखळायला होते ते शक वर्षामुळे. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या पुष्कळ पुस्तकांवर 'शके १८५०' असे छापलेले आढळते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पुस्तक जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातले असेल तर ७९. म्हणजे शके १८५० म्हणजे १९२८-२९. रकान्यात १९२८ घालावे आणि टिपणात मूळ शक लिहावा. 'आवृत्ती' हा छापील शब्दही जपून वाचावा. आपल्याकडे 'दहावी आवृत्ती' म्हणजे अनेकदा दहावे पुनर्मुद्रण असते, मजकुरात काडीचाही फरक नसतो. पृष्ठसंख्या आणि प्रस्तावनेची तारीख ताडून पाहिली की खरी नवी आवृत्ती कोणती ते कळते. ज्या पुस्तकांची कुठेच नोंद सापडत नाही त्यांच्यासाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आजही पहिला आधार आहे. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची नोंद तिच्या दोन खंडांत आहे. आयएसबीएन जन्माला येण्याआधीच्या पुस्तकांची माहिती हाताने भरताना तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

दिवाळी अंकांचे काय, असा प्रश्न येतोच. १९०९ च्या 'मनोरंजन' पासून चालत आलेली ही परंपरा कित्येक घरांत कपाटाचा एक सबंध खण व्यापून असते. दिवाळी अंक हे नियतकालिक असल्यामुळे त्याला आयएसबीएन नसतो. आयएसएसएन हा नियतकालिकांसाठीचा आठ अंकी क्रमांक असलाच तरी तो त्या मासिकाचा असतो, त्या वर्षीच्या अंकाचा नसतो. म्हणून प्रत्येक अंक हाताने, 'मासिकाचे नाव, दिवाळी, वर्ष' अशा एकाच ठरलेल्या साच्यात नोंदवावा. ज्या कथेसाठी किंवा लेखासाठी तो जपून ठेवला आहे, तिचे नाव टिपणात लिहावे. या शेवटच्या ओळीशिवाय दिवाळी अंकाची नोंद निरुपयोगी आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

येथून आपण प्रतीच्या पायरीवर येतो. या पायरीवर यंत्र आपल्याला काहीच आणून देत नाही. कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, हे खुणेच्या शब्दांनी, म्हणजे टॅगने, लिहिता येते. खुणेचे शब्द थोडे आणि ठरलेले असावेत, नाहीतर 'प्रवास', 'प्रवासवर्णन' आणि 'प्रवासवर्णने' अशा तीन खुणा तयार होतात आणि एकीवर टिचकी मारली की बाकीच्या दोहोंतली पुस्तके दिसत नाहीत. संग्रह ही सोय खुणांहून वेगळी आहे : माझी पुस्तके, हवी असलेली पुस्तके, वाचलेली पण माझ्याकडे नसलेली पुस्तके, असे मोठे कप्पे त्यासाठी आहेत. हा फरक पाळला नाही तर ग्रंथालयातून आणून वाचलेली पुस्तकेही घरच्या संख्येत मिसळतात. उसनवारीच्या रकान्यात नाव आणि तारीख घातली, की 'तुमच्याकडे आमचे काही आहे का' हा अवघड प्रश्न निदान योग्य माणसाला विचारला जातो. आणि सही, अर्पण, जुन्या मालकाचे नाव, रद्दीवाल्याकडे मिळालेल्या पुस्तकात दडलेली बसची तिकिटे, हे सर्व खासगी टिपणात. ते इतरांना दिसत नाही.

यादी सार्वजनिक ठेवावी की खासगी, याचा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा. सार्वजनिक यादीमुळे आपल्यासारखी पुस्तके असलेले वाचक भेटतात, हे खरे. परंतु दुर्मीळ पुस्तकांची यादी, घराचे गाव आणि खरे नाव या तीन गोष्टी एकत्र उघड्यावर ठेवू नयेत.

नोंदी वाढल्या की आलेखांची सोय आपले रूप दाखवू लागते. लायब्ररीथिंग तर आपली सर्व पुस्तके एकावर एक रचली तर थप्पी किती उंच होईल तेही सांगते, पण त्यासाठी जाडीचा रकाना भरलेला असावा लागतो. त्याच ठिकाणी दिवंगत व्यक्तींचे संग्रहही सभासदांनी जुन्या याद्यांवरून उभे केले आहेत. त्यांत अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा संग्रह आहे. जेफरसन यांनी १८१५ मध्ये आपली ६,४८७ पुस्तके अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाला विकली. १८५१ च्या आगीत त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश जळाली. कोणती पुस्तके गेली हे नंतरच्या पिढ्यांना कळले ते जपून राहिलेल्या याद्यांमुळे, आणि त्यांच्याच आधाराने ग्रंथालयाने तो संग्रह पुन्हा जमवायला घेतला.

तेव्हा आपली यादीही एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नये. या सर्व सेवांत आपली माहिती फाइल म्हणून उतरवून घेता येते, बहुधा सीएसव्ही या साध्या रूपात. ती फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते आणि आयएसबीएन ९.७८ई+१२ अशा रूपात आखडतो. घाबरून फाइल पुसू नये, आणि अशा अवस्थेत ती साठवूही नये, कारण साठवली तर क्रमांकाचे शेवटचे अंक कायमचे जातात. आधी कोरे एक्सेल उघडावे, डेटा या विभागातून मजकुराची फाइल आत घ्यावी, लिपीची पद्धत विचारली जाईल तेथे यूटीएफ-८ निवडावे आणि आयएसबीएनचा स्तंभ संख्या न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा. लिबरऑफिसमध्ये हे दोन्ही प्रश्न फाइल उघडतानाच विचारले जातात. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पाटावर मांडायला आपण कपाटातून पुस्तके काढतोच. त्याच दिवशी ही फाइल उतरवून तिच्या नावात वर्ष घालून ठेवण्याचा परिपाठ मी ठेवला आहे, आणि पाटावरच्या पुस्तकांपैकी ज्यांची नोंद राहून गेली आहे ती त्या संध्याकाळी परत कपाटात जाण्याआधी यादीत जातात.